दुसरे प्रस्थान : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील एक उपेक्षित वळण

धर्मांतर हा शब्द मराठीला चांगला परिचित आहे. इतका की तो उच्चारताच वाचकाच्या मनात एक ठराविक चित्र उभे राहते. सोवळ्याओवळ्याचे घर, एकांतात वाचलेला नवा करार, रात्रीची घालमेल, बाप्तिस्मा, आणि मागे राहिलेल्या आप्तांचा आक्रोश. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती वाङ्मयाविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले गेले ते बहुतेक ह्या चित्राभोवतीच फिरते. त्या मनुष्याने घर का सोडले, ह्या प्रश्नाची नाना उत्तरे आपल्या टीकाकारांनी शोधली आहेत. ज्या नव्या घरात तो शिरला तेथे त्याचे मन रमले काय, हे मात्र सहसा कोणी विचारलेले नाही. जणू बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर त्याचा आध्यात्मिक इतिहासही संपला.

वस्तुतः आपल्या ह्या परंपरेतील सर्वांत समर्थ व्यक्तींच्या बाबतीत तो इतिहास तेथे संपत नाही. नीळकंठशास्त्री गोरे, पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक ह्या तिघांनीही बालपणीचा धर्म सोडला हे सर्वश्रुत आहे. पण ज्या ख्रिस्ती मंडळीने त्यांना प्रथम पदरात घेतले तिच्यातही ते स्वस्थ राहिले नाहीत. तिघांनाही पुढे दुसरीकडे विसावा शोधावा लागला. ह्या दुसऱ्या प्रस्थानासाठी आपल्याजवळ धड शब्दसुद्धा नाही. 'पंथांतर' हा शब्द बनविता येतो, पण तो बोलण्यात नाही. शब्द नसल्यामुळे विचारही झालेला नाही, असे मला वाटते.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी वाचकाला ह्या विषयाची आठवण करून देणारी एक इमारत कश्मीरी गेटजवळ आहे. सेंट स्टीफन्स महाविद्यालय १९४१ मध्ये आजच्या जागी गेले. त्यापूर्वी अर्धशतक ते ज्या लाल इमारतीत भरत असे, तेथे नंतर दिल्लीच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांचे कार्यालय आले. चार्ल्स फ्रीअर अँड्रूज १९०४ मध्ये केंब्रिज मिशनचे सभासद म्हणून दिल्लीस आले ते ह्याच इमारतीत शिकविण्यासाठी. गांधीजींचे आणि रवींद्रनाथांचे स्नेही म्हणून त्यांना सर्व ओळखतात. परंतु त्यांचा जन्म अँग्लिकन मंडळीतला नव्हता, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. त्यांचे वडील कॅथॉलिक अपॉस्टॉलिक चर्च नावाच्या एका लहानशा पंथाचे बर्मिंगहॅममधील धर्माधिकारी होते. एडवर्ड अर्व्हिंग ह्यांच्या प्रभावातून १८३० नंतरच्या दशकात निघालेल्या त्या पंथाने आपले बारा प्रेषित नेमले होते आणि त्यांच्या हयातीतच प्रभूचे पुनरागमन होईल अशी त्याची श्रद्धा होती. प्रेषितांखेरीज दीक्षा देण्याचा अधिकार कोणाला नव्हता, त्यामुळे १९०१ मध्ये शेवटचा प्रेषित वारल्यावर नव्या दीक्षा थांबल्या आणि पंथ हळूहळू विझत गेला. मुलाने आपल्या मागून त्याच वेदीपाशी उभे राहावे अशी पित्याची इच्छा होती. मुलगा केंब्रिजला गेला आणि त्याने चर्च ऑफ इंग्लंडचा स्वीकार केला. पिता-पुत्रांतील प्रेम आटले नाही, पण घरातील ती एक गोष्ट तुटली ती तुटलीच. पुढे १९३२ मध्ये लिहिलेल्या आपल्या आध्यात्मिक आत्मवृत्तात अँड्रूज ह्यांनी ह्या दिवसांचे वर्णन केले आहे. ते वाचताना जाणवते की, ज्या घरी कोणी दुष्ट नाही, कोणी छळ केलेला नाही, तेथून निघणे हेच सर्वांत अवघड.

येथेच एक मोठा वाङ्मयीन प्रश्न उद्भवतो. पहिल्या धर्मांतराची कथा सांगणे तुलनेने सोपे असते. तिच्यात अंधार आणि उजेड, खोटे आणि खरे अशी वाटणी तयार मिळते. बाबा पदमनजींनी आपल्या आत्मचरित्राला 'अरुणोदय' हे नाव दिले त्यात ही वाटणी स्पष्टच आहे. पुस्तकाचा सारा भर बाप्तिस्म्यापर्यंतच्या वाटेवर आहे. उजाडल्यानंतर दिवस कसा गेला, दुपारी ऊन किती झाले, हे सांगण्याची त्या साच्यात सोय नाही. उलट, एका ख्रिस्ती मंडळीतून दुसरीत जाणाऱ्याला ही वाटणी वापरता येत नाही. दोन्हीकडे तोच ख्रिस्त, तेच शास्त्र, तीच प्रार्थना. मग तो गेला कशासाठी? त्याचे उत्तर बहुधा एकच असते : तेथे माझ्या जिवाला बरे वाटले. आणि हे उत्तर आपल्या टीकेला दुबळे वाटते. सत्यासाठी घर सोडणारा आपल्याला पूज्य. समाधानासाठी सोडणारा मनाने कच्चा. हा निवाडा मला मान्य नाही, आणि तो मान्य का नाही हे ह्या तिघांच्या लेखनावरूनच दाखविता येईल.

नीळकंठशास्त्र्यांपासून आरंभ करू. १८२५ मध्ये झाशीजवळ जन्मलेले आणि काशीत वाढलेले हे चित्पावन शास्त्री ख्रिस्ती मताचे खंडन करण्याच्या हेतूने मिशनऱ्यांकडे गेले आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. त्यांना दीक्षा देणारी चर्च मिशनरी सोसायटी ही इव्हॅन्जेलिकल वळणाची संस्था. तिच्या दृष्टीने उपदेश आणि ग्रंथवाचन हे धर्माचे सार. विधी, उपवास, व्रते ही दुय्यम, काहीशी संशयास्पदही. १८६० च्या 'षड्दर्शनदर्पणा'तील गोरे ह्या वातावरणाला शोभणारे आहेत : तर्ककठोर, पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडणारे, नि मग एकेक खुंटी उपटणारे. हा ग्रंथ हिंदीत आहे, पण त्याची चाल काशीतील वादसभेची आहे.

परंतु षड्दर्शने पाडून झाल्यावरही ह्या मनुष्याला स्वास्थ्य मिळाले नाही. शंकांनी त्यांना जन्मभर छळले, असे त्यांच्या चरित्रावरून दिसते. हळूहळू ते चर्च ऑफ इंग्लंडमधील दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे ऑक्सफर्डच्या परंपरानिष्ठ चळवळीकडे, ओढले गेले, आणि १८७६ मध्ये काउली येथील ब्रह्मचारी धर्मबंधूंच्या संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. बाह्यतः पाहता हा एकाच मंडळीच्या अंतर्गत केलेला बदल होता. पण ज्यांना त्या काळच्या दोन पक्षांतील वैर ठाऊक आहे ते त्याला बदल न म्हणता स्थलांतरच म्हणतील. काउलीत त्यांना काय मिळाले? पहाटेची नियमित उपासना, उपवास, अपरिग्रह, गुरूची आज्ञा, शरीराला लावलेली शिस्त. काशीच्या शास्त्र्याच्या घरात जन्मलेल्याला ह्यातील एकही गोष्ट नवी नव्हती. पहिल्या दीक्षेने जे हिरावून घेतले ते दुसऱ्या मंडळीने वेगळ्या नावाने परत दिले. तरीही अखेरची व्रते त्यांनी घेतलीच नाहीत, उमेदवारच राहिले. ह्या गोष्टीची मला नेहमी मौज वाटते आणि थोडे वाईटही वाटते.

नारायण वामन टिळकांच्या बाबतीत हे परत मिळणे अधिक उघड आहे. १८९५ मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते काम करू लागले, १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, पुढे 'ज्ञानोदया'चा मराठी भाग त्यांच्या हाती आला. मिशनने त्यांचा मान ठेवला होता. त्याबद्दल तक्रार करण्यास जागा नाही. तथापि पाश्चात्य चालींवर बसविलेली भाषांतरित गीते म्हणणाऱ्या मंडळीत अभंग आणि ओवी रक्तात असलेला कवी किती काळ परकेपणाने बसणार? त्याने प्रथम ती गीतेच बदलली. 'उपासना संगीता'त त्यांच्या पदांचा जो मोठा वाटा आहे तो ह्या अस्वस्थतेचे फळ. नंतर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी व पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले, म्हणजे दरबाराला त्यांचे दोन वर्षेही लाभली नाहीत.

संस्था म्हणून दरबार फसला असे म्हणता येईल. पण टिळकांचे अखेरचे काव्य वाचणाऱ्याला तो फसला असे वाटणार नाही. त्यांच्या आरंभीच्या ख्रिस्ती पदांत एक समर्थनाचा सूर आहे, कोणाला तरी उत्तर देत असल्यासारखा. तो सूर 'अभंगांजली'त जवळजवळ लुप्त होतो. तेथे कवी कोणाशी भांडत नाही. देवाशी लडिवाळपणे बोलण्याची वारकरी रीत त्यांनी बालपणापासून ऐकली होती. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते मानीत. मिशनमध्ये त्या वाटेचा उल्लेख भूतकाळी करावा लागे. दरबारात ती पुन्हा वर्तमानकाळी झाली. समाधान हे काव्याला मारक असते, असे मानणाऱ्यांनी ह्या उदाहरणाचा विचार करावा.

पंडिता रमाबाईंचे प्रकरण मात्र इतके सरळ नाही, आणि माझ्या विवेचनाची खरी परीक्षा तेथेच आहे.

१८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडण्यात गेले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. पुण्यात त्यांचा परिचय गोऱ्यांशी आणि पंचहौद मिशनमधील वाँटेजच्या धर्मभगिनींशी झाला. (ह्याच पंचहौदातील १८९० च्या चहाने पुढे पुण्यात केवढे वादळ उठविले ते मराठी वाचकास सांगावयास नको.) १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गोऱ्यांच्या लेखनाचा त्या निर्णयात वाटा होता, हे त्यांनीच नमूद केले आहे. म्हणजे आपल्या कथेतील एक प्रवासी दुसरीला ज्या दारापर्यंत आणून सोडतो ते दार त्याला स्वतःला दुसऱ्या खेपेस सापडलेले होते. त्याला जेथे विसावा लाभला तेथे तिला श्वास घेता येईना.

सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई ह्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा ह्यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. तो इंग्रजीत आहे. भारतीय धर्मविषयक गद्यात त्याच्या तोडीचे लेखन थोडे असेल. वाद कशाकशावर होतो पाहा : त्रैक्याच्या सिद्धान्तावर, बिशपांच्या अधिकारावर, मनोरमेला काय शिकवावे ह्यावर, रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही ह्यावर, क्रूसावरील शब्द लॅटिनमध्ये असावेत की संस्कृतमध्ये, ह्यावरसुद्धा. रमाबाईंचा संस्कृतचा आग्रह हा श्रद्धेचा नाही. ती देवभाषा म्हणून त्यांना नको आहे, आपल्या मातृभूमीची सुंदर भाषा म्हणून हवी आहे. एका जोखडातून मान सोडवून घेतलेली ही स्त्री दुसऱ्यात घालायला तयार नाही. ती ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे. पण पाद्री सांगेल ते सारे मान्य करण्यास आपण बांधलेलो आहोत असे तिला वाटत नाही.

सर्वांत मोठी अडचण अॅथनेशियन मतांगीकाराची होती. मतांगीकार म्हणजे उपासनेत सर्वांनी मिळून म्हणावयाचे श्रद्धावचन. चर्च ऑफ इंग्लंडच्या जुन्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे हे वचन वर्षातील तेरा सणांना म्हणावयाचे असे, आणि ते न मानणाऱ्यांचा सार्वकालिक नाश होईल असे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. रमाबाई शास्त्राधार मागतात. त्या जे मांडतात तो तर्क आहे. पण ज्या बाईने आपली आई, बाप, बहीण, भाऊ ह्या एकाही शब्दाशी ओळख नसताना मरताना पाहिले, तिने हे वाक्य उपासनेत उभे राहून कसे म्हणावे, हा विचार वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. तीस वर्षांनी दिल्लीत अँड्रूज नेमके ह्याच शापवचनांपाशी अडखळले. ज्यांच्याबरोबर रोज जेवावे, ज्यांच्या चारित्र्यापुढे मान लववावी, त्या हिंदू-मुसलमान मित्रांचा नाश उच्चारणे त्यांना जड गेले. १९१४ मध्ये त्यांनी दिल्लीचे मिशन सोडले आणि शांतिनिकेतनची वाट धरली. मंडळीच्या नियमात राहून धर्मोपदेशकाचे काम करणे पुढे कित्येक वर्षे त्यांनी थांबविले होते.

रमाबाईंना समाधान मिळाले ते बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात त्याचा आशय असा की, धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ह्या वळणावर ज्या पुस्तकाचा त्यांना उपयोग झाला ते विल्यम हॅस्लम ह्या अँग्लिकन पाद्र्याचे. हॅस्लम ह्यांची ख्याती अशी की, उपदेश करता करता स्वतःच्याच व्यासपीठावर त्यांचे हृदयपरिवर्तन झाले. व्यवसायाने धर्मोपदेशक असलेल्यालाही धर्म परका असू शकतो, ही गोष्ट रमाबाईंना केवढी जवळची वाटली असेल! ह्यापुढे त्या कोणत्याही एका मिशनच्या कुंपणात राहिल्या नाहीत. केडगावचे मुक्तिसदन त्यांनी पंथांच्या बाहेर उभारले आणि १९०५ मध्ये तेथे जे जागरण झाले, रडणे, ओरडणे, अनोख्या भाषांत प्रार्थना, ते वाँटेजच्या संयत प्रार्थनागृहापासून फार दूरचे होते.

ह्या समाधानाची किंमतही त्यांनी मोजली. शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो ह्या कारणावरून १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले. चाकोरीबाहेर विसावा शोधणाऱ्याला दोन्ही काठ परके होतात.

आता माझा प्रश्न. गोरे आणि टिळक ह्यांच्यासारखे रमाबाईंनाही दुसऱ्या प्रस्थानात बालपण परत मिळाले काय? एका अर्थाने होय. अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी सनातन्यांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि गंगामूळच्या अरण्यात आश्रम वसविला. केडगाव हा त्या आश्रमाचाच मोठा अवतार होय. गावाबाहेरची वस्ती, शिकणाऱ्या स्त्रिया, मध्ये एक ग्रंथ. परंतु पुढे गेले की हे साम्य तुटते. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबल मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठीत आणण्यात घालविली. त्या ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये छापून निघाले. अडाणी बाईलाही कळेल अशी भाषा त्यांना हवी होती, आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. वाँटेजला क्रूसावर संस्कृत मागणारी तीच ही स्त्री. टिळकांना विसावा मिळाला तो जुने शब्द परत घेतल्याने. रमाबाईंना तो मिळाला ते टाकून दिल्याने. माझ्या सिद्धान्ताला येथे छेद जातो, आणि तो मी बुजवीत नाही.

आणखी एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. वाङ्मय म्हणून पाहता, १८८५ च्या सुमाराची ती अस्वस्थ पत्रे १९०७ च्या शांत साक्षीपेक्षा पुष्कळ श्रेष्ठ आहेत. पत्रांत प्रत्येक वाक्य स्वतःच्या पायांवर उभे आहे. साक्षीत पुष्कळ वाक्ये पंथाच्या ठरलेल्या भाषेला टेकून उभी आहेत. पण रमाबाईंनी आमच्यासाठी अस्वस्थ राहावे, अशी अपेक्षा करण्याचा टीकाकाराला काय अधिकार? त्यांच्या पदरी दुष्काळातील शेकडो मुली होत्या.

समाधान ह्या शब्दाविषयी एक भाषांतरकार म्हणून थोडे सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी जो ग्रीक शब्द येतो त्याचे इंग्रजी प्रार्थनापुस्तकाने 'सांत्वन करणारा' अशा अर्थाचे भाषांतर केले. मराठी बायबलात त्या ठिकाणी 'कैवारी' हा शब्द रूढ झाला. सांत्वन करणारा डोळे पुसतो. कैवारी आपली बाजू घेतो, कज्ज्यात आपल्या शेजारी उभा राहतो. अॅथनेशियन वचनापुढे एकट्या पडलेल्या रमाबाईंना कोणी डोळे पुसावेत अशी गरज नव्हती. कोणी तरी कैवार घ्यावा अशी होती. दुसऱ्या मंडळीत जो विसावा मिळतो त्याला दुबळेपणा म्हणणाऱ्यांनी हा मराठी शब्द एकदा मनात घोळवून पाहावा.

ह्या सर्वांत लक्ष्मीबाई टिळक कोठे बसतात? 'स्मृतिचित्रे' हे ह्या परंपरेतील सर्वांत मोठे पुस्तक, आणि त्यात सिद्धान्ताची उलाढाल जवळजवळ नाही. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेण्यापूर्वी काही वर्षे नवऱ्यापासून दूर काढलेल्या ह्या बाईला एका धर्मातून दुसऱ्यात येतानाच एवढे सोसावे लागले की, मंडळ्यामंडळ्यांतील भेदांचे तिला अप्रूप उरले नसावे. नवरा देवाच्या शोधात निघाला की घरात पीठ किती आहे ते ती पाहते. 'ख्रिस्तायन' त्याने अपुरे ठेवले; ते तिने पुरे केले. दुसऱ्या प्रस्थानांचा खर्च कोणी उचलला, हे ठरविताना तिच्या पुस्तकाकडेच यावे लागेल.

सध्या मी वाँटेजच्या त्या पत्रांतील काही निवडक भाग हिंदीत आणीत आहे. पहिलीच अडचण 'चर्च' ह्या शब्दाची आली. हिंदी ख्रिस्ती वाङ्मयात त्यासाठी 'कलीसिया' आहे; ग्रीकमधून अरबी-फारसी-उर्दू अशी लांबची वाट चालून आलेला भारदस्त शब्द. मराठी ख्रिस्ती लोक मात्र 'मंडळी' म्हणतात, आणि जुन्या मराठीत गृहस्थ आपल्या पत्नीलाही मंडळीच म्हणत. ज्या भाषेत चर्च सोडणे आणि घरची माणसे सोडणे ह्यांना एकच शब्द पुरतो, त्या भाषेतील बाई हा वाद घालीत आहे; तिने तो इंग्रजीत घातला एवढेच. मसुद्यात मी 'मंडली' ठेवले आहे. प्रकाशकाकडून त्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ ओढून पाने परत आली आहेत. समासात काय लिहून पाठवावे ते अजून ठरलेले नाही.